स्पीकर घेताना डग्गा ऐका

दुकानदाराने लावलेल्या ढॅणढॅण गाण्यावर स्पीकर पसंत करू नका. रोजच्या ऐकण्यातली, तानपुरा-तबला असलेली एखादी बंदिश मोबाइलमध्ये घेऊन जा आणि तीच लावायला सांगा. तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्यावर मनगट दाबलं की आवाज घुमत वर चढतो. तो चढ नीट कळला पाहिजे. नुसतं ‘धब्ब धब्ब’ येत असेल तर बेस (खर्जाचा आवाज) फुगवलेला आहे, मग ऑफर कितीही भारी असो. तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकारता नाद) कानाला टोचत असेल तरी नकोच.

खोक्यावरच्या ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ या स्वरपट्ट्याच्या आकड्याला भुलू नका. त्या पट्ट्यात आवाज किती कमी-जास्त होतो याची ‘±3 डेसिबल’सारखी मर्यादा सोबत दिलेली नसेल तर त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही.

घरी स्पीकरची जोडी टीव्हीच्या शोकेसमध्ये किंवा कोपऱ्यात कोंबू नका, बेस उगाच घुमतो. भिंतीपासून थोडी पुढे घ्या, ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला.

हेडफोनचं म्हणाल तर ओपन-बॅकचा (मागची बाजू उघडी असलेल्यांचा) आवाज मोकळा, पण शेजारी बसलेल्यालाही तुमचं गाणं ऐकू जातं आणि स्वयंपाकघरातला मिक्सर तुमच्या कानात येतो. वन रूम किचनमध्ये क्लोज्ड-बॅकच (मागून बंद) बरे. शिवाय 250-300 ओहमचे (जास्त विद्युत रोधाचे) मॉडेल थेट फोनला जोडले तर बहुधा आवाज दबका येतो. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च आधीच धरा.