पी पफर पाळायचाय? आधी गोगलगायी वाढवा

मालवणच्या मच्छीमारांना जाळी कुरतडणारा केंड मासा चांगलाच ठाऊक असतो. त्याच कुळातला, पण जेमतेम अडीच ते तीन सेंटिमीटर वाढणारा आणि जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा मासा म्हणजे पी पफर, शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी १९४१ साली पंबा नदीतल्या माशांवरून त्याची नोंद केली. केरळ आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या नद्या, संथ ओढे आणि पाणवनस्पतींनी भरलेले काठ हे त्याचं घर. वाळूउपसा, प्रदूषण आणि शोभेच्या माशांसाठी होणारी पकड यांमुळे आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने त्याला असुरक्षित गटात टाकलं आहे. त्यामुळे टँकमध्ये वाढवलेली पिल्लं मिळत असतील तर तीच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

मासा एवढासा म्हणून काचेच्या गोल भांड्यात ठेवण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. हा शिकारी आहे. वरचे दोन आणि खालचे दोन दात मिळून पोपटासारखी चोच बनलेली असते, आणि तिचा वापर तो शेजाऱ्याच्या शेपटीवरही करतो. गप्पी, बेट्टा, एंजल यांच्यासोबत तो ठेवायचा नाही. दुकानदार काहीही सांगो.

टँक

सहा माशांसाठी ६० × ३० × ३० सेंटिमीटरचा टँक घ्या. यात काठोकाठ ५४ लिटर पाणी मावतं, रेती-दगड घातल्यावर ४५ च्या आसपास. एकच मासा ठेवायचा असेल तर २० लिटर पुरतात. पाणी निव्वळ गोडं हवं. खाऱ्या पाण्यातले पफर विकणारे मीठ घालायला सांगतात, ते इथे लागू नाही. तापमान २५ ते २८ अंश, पीएच ६.८ ते ७.८. बोअरचं जरासं जड पाणीही त्याला चालतं. पाण्याचे गुण सारखे बदलत राहिले तर मात्र तो खंगतो.

स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप पुरे. या माशाची शेपटी पोहताना बहुतेक वेळ मिटलेली असते. पाठीचा, पोटाखालचा आणि छातीचे पर भिरभिरवत तो एका जागी तरंगतो. जोराचा प्रवाह त्याला झेपत नाही. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा पंप हाताशी ठेवा. पुणे-नाशिकच्या थंडीत ५० वॉटचा हीटर लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलटी अडचण: झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर पंखा सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कोकणच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. तिथे टँक मुळातच सावलीच्या, वारा खेळणाऱ्या खोलीत ठेवावा.

झाडं दाट लावा. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, जावा मॉस या शेवाळाचे मूठ-मूठभर गुच्छ आणि मध्ये एक-दोन लाकडं. हे सजावटीसाठी नाही. नर हद्द आखतात, आणि एकाची नजर दुसऱ्यावर सतत पडत राहिली तर कमजोर मासा आठवड्याभरात कोपऱ्यात मरतो. टँकच्या या टोकाकडून त्या टोकाचं सरळ दिसलं, तर झाडं कमी आहेत असं समजा.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपो, वापरा. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा आणि दर १० लिटर पाण्याला त्यातलं १ मिली घाला. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते. नळाला वास येत असेल तेव्हा २ मिली घाला.

आता थांबायचं. रिकाम्या टँकमध्ये अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत नेऊन फिल्टर चालू ठेवा. एवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊ लागला आणि त्यापासून बनणारं, तितकंच विषारी नायट्राइटही शून्य दिसलं, की स्पंजमध्ये ही विषं पचवणारे जिवाणू बसले. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कुणाच्या निरोगी टँकमधला जुना स्पंज मिळाला तर बराच वेळ वाचतो.

गोगलगायींचा टब

हे चार-सहा आठवडे वाया घालवायचे नाहीत. फिल्टर चालू केला त्याच दिवशी १५ लिटरचा प्लॅस्टिकचा टब भरा आणि त्यात पंधरा-वीस गोगलगायी सोडा. पातळ कवचाच्या जाती हव्यात: चपट्या वेटोळ्याची रॅम्सहॉर्न किंवा झाडांबरोबर आपोआप येणारी टोकदार ब्लॅडर गोगलगाय. लांबट शंकूसारखी ट्रम्पेट नको, तिचं कवच फार टणक असतं. उकडलेल्या दुधीची किंवा काकडीची चकती, पालकाचं पान एवढं खाणं पुरतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका. कवच मजबूत व्हायला कॅल्शियम लागतं, त्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेसाचा तुकडा आणून टाका. ओढ्या-तळ्यातून आणलेल्या गोगलगायींत परजीवी असू शकतात. त्या सरळ माशाला घालू नका, टबात जन्मलेली पिल्लंच वापरा.

टबावर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा. डासांच्या अळ्या पफरला फार आवडतात हे खरं, पण म्हणून गॅलरीत उघडं पाणी साठवणं म्हणजे डेंग्यूच्या एडिसला आवतण.

खरेदी आणि खाणं

दुकानात मासा खाताना बघा. पोट किंचित गोल हवं, आत ओढलेलं नको. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान माशांत नर-मादी कळत नाही. मोठ्या नराच्या पोटावर मधोमध काळी रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्यांसारख्या बारीक रेषा येतात. मादी गोलसर आणि ठिपकेदार. एका नरामागे दोन-तीन माद्या असं प्रमाण बसवा.

मासा जाळीने उचलू नका, पाण्यासकट पेल्यात घ्या. घाबरला की तो पाणी गिळून फुगतो आणि नंतर ते सोडून देतो. हवेत असताना फुगला तर गिळलेली हवा बाहेर पडत नाही आणि मासा पोट वर करून तरंगत राहतो. तसं झालंच, तर पाण्याखाली त्याला तोंड वर धरून अगदी हलकेच हलवा, बुडबुडे निघतात. गंमत म्हणून त्याला फुगवणं हा निव्वळ छळ आहे.

सुकं खाणं बहुतेक पी पफर तोंडातही घेत नाहीत. रानात तो पाण्यातले बारीक कवचधारी जीव, कीटकांच्या अळ्या आणि थोड्या वनस्पती खातो. घरी रोज गोठवलेले ब्लडवर्म (लाल रंगाच्या कीटक-अळ्या) किंवा जिवंत डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) द्या, आणि आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येक माशाला तीन-चार गोगलगायी, तीन-चार मिलिमीटरपर्यंतच्या. शिकार पाहण्यासारखी असते: मासा हवेत टांगल्यासारखा थांबतो, दोन डोळे वेगवेगळे फिरवतो, एका डोळ्याने नेम धरून अंग तिरकं करतो आणि कवचाबाहेर आलेला मऊ भाग चटकन तोडतो. ब्लडवर्मचा अख्खा गोठवलेला चौकोन टाकू नका. सुरीने तुकडा काढा, विरघळवा, गाळा आणि प्रत्येक माशाला पाच-सहा अळ्या ड्रॉपरने सोडा. उरलेलं दहा मिनिटांनी ओढून घ्या. तळाशी कुजलेलं मांस अमोनिया वाढवतं, आणि पफर त्याला लवकर बळी पडतो. दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला, जिवाणूंच्या कामातून शेवटी उरणारं नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत ठेवा.

मासा खातो, तरी वाळतो

नदी-ओढ्यातून पकडलेल्या पफरांत आतड्यातले जंत नेहमीच आढळतात. भरपूर खाऊनही पोट खपाटीला गेलं आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली, तर वेगळ्या टबात उपचार करा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लेव्हामिसोल हे जंतांवरचं औषध, लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास, टब झाकून अंधारात. मग बहुतेक पाणी बदला आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तोच उपचार, कारण अंडी पहिल्या खेपेला मरत नाहीत. तांब्याची औषधं टाळा. या माशाला खवले नाहीत, औषध अंगात लवकर भिनतं. शिवाय गोगलगायीही मरतात.

पिल्लं

पोट भरलेल्या जोड्या मॉसमध्ये अंडी घालतात, एका वेळी थोडीच, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, पारदर्शक. नर मादीला मॉसकडे हाकताना दिसला की दुसऱ्या दिवशी तो गुच्छ अलगद वेगळ्या छोट्या टँकमध्ये हलवा, नाहीतर अंडी गट्ट होतात. २७ अंशांना साधारण पाच दिवसांत पिल्लं निघतात, दोन-तीन दिवस अंड्यातल्या बलकावर जगतात. नंतर इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगर ईल (बारीक कृमी) आणि मोठी झाल्यावर ब्राइन श्रिंप या छोट्या कोळंबीसारख्या जीवाची नुकतीच फुटलेली पिल्लं. एक सेंटिमीटरच्या सुमारास ती एकमेकांना चावू लागतात. तेव्हा मॉस वाढवा किंवा आकारानुसार वेगळी करा.