पॅकर्सचा माणूस अंदाज घ्यायला येण्यापूर्वी घराची तयारी

पॅकर्स अँड मूव्हर्सचा माणूस घर पाहायला येणार म्हटल्यावर बहुतेक घरांत आवराआवर सुरू होते. हॉलमधला पसारा दिवाणात जातो, बाल्कनीतले खोके गच्चीवर जातात, ओटा लखलखीत होतो आणि येणाऱ्याला चहाबरोबर एक नीटनेटके, अर्धे रिकामे घर दाखवले जाते. पाहुण्यांसाठी ही तयारी योग्य असली, तरी या भेटीत ती अंगलट येते. सर्वेयर, म्हणजे अंदाज घ्यायला आलेला हा माणूस, जे पाहतो त्याचाच दर लावतो. जे त्याने पाहिले नाही त्याचा दर सामान चढवण्याच्या दिवशी लागतो, आणि त्या दिवशी घासाघीस करण्याइतका वेळ आणि जोर आपल्याकडे उरलेला नसतो. म्हणून त्याच्या येण्यापूर्वी घर आवरू नये, उघडून ठेवावे.

नागपुरातल्या प्रतापनगरचे घर सोडून पुण्याला जाताना आम्ही हे पैसे मोजून शिकलो. जानेवारीचे दिवस होते. आलेल्या गृहस्थांनी हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर दहा मिनिटांत पाहिले, जिन्याकडे मान वळवून ‘काकू, वर काही आहे का?’ असे विचारले, आणि सासूबाईंनी ‘वर काय असणार, थोडी अडगळ आहे,’ असे सांगितल्यावर वहीत १४ फुटी गाडी लिहून ते निघून गेले. त्या अडगळीत ताडपत्रीखाली झाकलेले दोन कूलर, त्यांचे लोखंडी स्टँड, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि गच्चीवरच्या खोलीत उभी करून ठेवलेली सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, होती. सामान भरण्याच्या दिवशी गाडीचे दार लागेना. मोठ्या गाडीसाठी जी जादा रक्कम मागण्यात आली ती आम्हाला पटली नाही, त्यामुळे एक कूलर आणि बंगई शेजाऱ्यांकडे ठेवून निघावे लागले. बंगई पुण्यात लागायला दिवाळी उजाडली. त्या कंपनीवर राग होताच, पण त्यांच्या वहीतल्या यादीत बंगई नव्हती आणि ती आम्हीच दाखवली नव्हती, हेही तितकेच खरे होते.

सर्वेयरचा हिशेब मुख्यतः जागेचा, म्हणजे घनफुटांचा असतो. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल अशी नेहमीची लोखंडी आलमारी सुमारे २९ घनफूट जागा घेते. अडीच फूट लांब-रुंद आणि चार फूट उंच असा पत्र्याचा कूलर २५ घनफूट घेतो. त्याच्या पोटात हवेशिवाय काही नसले तरी गाडीत त्याला जवळजवळ आलमारीएवढी जागा द्यावी लागते. १४ फुटी गाडीचा हौदा सहा फूट रुंद धरला आणि सहा फूट उंचीपर्यंत सामान रचले, तर एकूण जागा साधारण ५०० घनफूट होते. म्हणजे आमच्या ‘थोड्या अडगळी’तल्या नुसत्या दोन कूलरांनीच गाडीचा दहावा हिस्सा खाल्ला असता. वजनाचा प्रश्न पुस्तके, धान्य आणि पाटा-वरवंटा यांसारख्या वस्तूंपुरता येतो. उरलेल्या घरात जागाच आधी संपते.

त्यामुळे भेटीपूर्वीचे पहिले काम कागदावरचे आहे. प्रत्येक खोलीत बसून तिथल्या वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे ‘जाणार’ किंवा ‘राहणार’ एवढेच लिहावे. ‘बघू’ हा तिसरा रकाना ठेवण्याचा मोह होतो, पण तो ठेवल्यास यादी केल्याचा उपयोग राहत नाही, कारण ‘बघू’मधली वस्तू अंदाजात धरली जात नाही आणि शेवटच्या दिवशी मात्र गाडीत चढते. जे राहणार आहे त्यावर रंगीत कागद चिकटवावा, म्हणजे सर्वेयर ते मोजणार नाही आणि घरातलेही कोणी त्याला ‘हेही घ्या’ असे म्हणणार नाही. रद्दी, मोडकी फोल्डिंगची खाट, बंद पडलेला मिक्सर या गोष्टी भेटीपूर्वीच कबाडीवाल्याला देऊन टाकाव्यात.

नागपूरकराच्या यादीत सर्वांत जास्त वाद कूलरवरून होतो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, म्हणून एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत तो खोली गार करतो; मुंबईच्या दमट हवेत मात्र तोच कूलर ओलसर वारा फेकण्यापलीकडे फारसे काही करत नाही. तेव्हा मुंबईला जाणाऱ्याने कूलर इथेच विकावा, आणि चंद्रपूर किंवा अकोल्याला जाणाऱ्याने तो खुशाल न्यावा. न्यायचा असल्यास खिडकीच्या ग्रिलला बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून बसवलेला स्टँड कोण काढणार, हे भेटीतच विचारावे, कारण पॅकिंगवाल्यांकडे त्याची अवजारे असतीलच असे नाही. जाळीतला जुना वाळा आधीच काढून फेकावा, टाकी कोरडी करावी आणि पाणी वर चढवणारा छोटा टुल्लू पंप सोडवून वेगळ्या डब्यात ठेवावा.

वर्षाचा गहू आणि वाळवणे यांच्याबाबतही असाच विचार हवा. उन्हाळ्यात घर हलवायचे असेल, तर कोठी भरण्याची घाई त्या वर्षी करू नये; भरलेली कोठी कोणी उचलत नाही, आणि पोत्यांत काढलेल्या गव्हाच्या वाहतुकीचा खर्च धरला तर तो नव्या गावी जाऊन घेणे बहुधा परवडते. लोणच्याच्या बरण्या तर कोणत्याही कंपनीच्या भरवशावर सोडू नयेत. त्या आपल्या सोबत, पायाशी ठेवून न्याव्यात.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी दिवाणाची झाकणे उघडी ठेवावीत, आलमाऱ्यांच्या किल्ल्या हाताशी असाव्यात आणि माळ्याखाली शिडी लावून ठेवावी. पाहणी गच्चीवरून सुरू करावी. खालून सुरुवात केली की वर पोहोचेपर्यंत दोघेही कंटाळतात आणि आमच्याकडे झाले तेच होते. गच्चीनंतर जिन्याखालची जागा, मग खोल्या, आणि शेवटी पार्किंग व अंगण असा क्रम चांगला; सायकली, कुंड्या, झाडाला पाणी घालायचा पाइप आणि कारच्या मागे ठेवलेल्या फरशा याच टप्प्यात सापडतात. कुंड्या नेणार का, हे स्पष्ट विचारावे, कारण लांबच्या प्रवासात झाडांची जबाबदारी घ्यायला अनेक कंपन्या तयार नसतात. पुस्तकांचे मात्र रॅक दाखवून भागत नाही: दोन ओळींत लावलेली पुस्तके समोरून एकच ओळ दिसतात, तेव्हा पुढची ओळ हाताने बाजूला सारून मागची दाखवावी.

सुट्या कराव्या लागणाऱ्या वस्तूंची वेगळी यादी करून ती सर्वेयरच्या हातात द्यावी. त्यात हायड्रॉलिक पलंग, खोलीतच जोडलेले मोठे वॉर्डरोब, एसी, गीझर, वॉटर प्युरिफायर आणि बंगई यांचा समावेश हवा. सुतार, एसीचा मिस्त्री आणि प्लंबर अंदाजात धरले आहेत की वेगळे पैसे द्यावे लागतील, हे प्रत्येक वस्तूपुढे लिहून घ्यावे. समोरून कपडे घालायचे वॉशिंग मशीन असल्यास, मशीन नवीन आले तेव्हा ड्रम घट्ट धरण्यासाठी मागच्या बाजूला जे लांब ट्रान्झिट बोल्ट लावलेले होते ते भेटीपूर्वी शोधून ठेवावेत, कारण त्यांच्याशिवाय मशीन लांबच्या रस्त्यावर पाठवल्यास ड्रम आतल्या आत आदळतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्लाचे पाणी असते आणि ती उभीच न्यावी लागते. ती नेणार की नाही, याचे उत्तर तोंडी घेऊ नये. सोफ्याची रुंदी आणि दाराची रुंदी टेपने मोजावी. सोफा आत आला होता म्हणजे बाहेर जाईलच असे गृहीत धरू नये. मधल्या काळात जिन्याला ग्रिल लागलेली असते किंवा दारासमोर चपलांचा रॅक बांधलेला असतो.

भरलेला गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल, रंगाचे डबे आणि फवाऱ्याचे डबे गाडीत घेतले जात नाहीत. दुसऱ्या गावी जायचे असल्यास सिलिंडर आणि रेग्युलेटर गॅस एजन्सीकडे जमा करून कनेक्शनची कागदपत्रे घ्यावी लागतात, तेव्हा सिलिंडर यादीत ‘राहणार’ असाच लिहावा. दुचाकी पाठवायची असेल तर टाकीतले पेट्रोल काढावे लागते, आणि आरसी व विम्याच्या प्रती मागितल्या जातात. एमएच ३१ किंवा एमएच ४९ क्रमांकाची गाडी कायमची दुसऱ्या राज्यात न्यायची असेल, तर आरटीओची ना हरकत आधी मिळवावी.

एक अनोळखी माणूस सगळ्या खोल्या आणि सगळ्या आलमाऱ्या पाहणार आहे, हेही लक्षात असू द्यावे. दागिने, रोकड, मालमत्तेची कागदपत्रे भेटीच्या आदल्या दिवशी लॉकरमध्ये किंवा नातेवाइकांकडे ठेवावीत, आणि ‘इकडे दागिने असतात, ते आम्ही सोबत नेऊ’ असे उत्साहाने सांगू नये. आलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र पाहावे आणि तिला कोणत्याही खोलीत एकटे सोडू नये.

घराइतकाच रस्ताही दाखवायचा असतो, आणि ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. महाल किंवा इतवारीतल्या गल्लीत मोठी गाडी दारापर्यंत येत नाही; सामान आधी छोट्या हत्तीत, म्हणजे लहान मालवाहू टेम्पोत, भरून बाहेरच्या रस्त्यावर मोठ्या गाडीत चढवावे लागते आणि हमालीचा हिशेब बदलतो. मनीषनगर किंवा बेसाकडच्या फ्लॅट स्कीममध्ये गल्लीची अडचण नसते, पण लिफ्ट सामानासाठी वापरू देतात का, कोणत्या वेळेत देतात आणि गेटपास कोणाकडून घ्यायचा, हे सोसायटीच्या सचिवांकडून आधी विचारून ठेवावे. दिवसा जड वाहनांना शहरात प्रवेश नसलेल्या वेळा कोणत्या आणि त्या पाहता गाडी किती वाजता लागणार, हेही विचारावे. नव्या घराची हीच माहिती, म्हणजे मजला, लिफ्ट, जिन्याची रुंदी आणि गाडी उभी राहण्याची जागा, एका कागदावर तयार हवी, कारण अर्धे काम तिकडेच व्हायचे असते.

भेट दिवसा उजेडी ठेवावी; उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत, कारण मे महिन्यात दुपारी एकला गच्चीवर कोणीही दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. निर्णय घेणारी सगळी माणसे घरी असावीत. तारखेच्या बाबतीत एक विदर्भाची अडचण आहे: आपल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाने आपल्या शाळेच्या हिशेबाने तारीख धरली, तर मुलांचे तिकडचे पहिले दिवस बुडतात. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळता आले तर दरात फरक पडतो.

निदान तीन कंपन्यांना बोलवावे आणि तिघांना एकच यादी द्यावी. याद्या वेगळ्या असतील तर आकड्यांची तुलना करता येत नाही. दोघांचे अंदाज जवळपास आणि तिसऱ्याचा निम्मा आला, तर त्या निम्म्यात काय धरलेले नाही ते शोधावे: बहुधा उतरवण्याची हमाली, मजल्याचा चढउतार, टोल किंवा पॅकिंगचे साहित्य बाहेर राहिलेले असते. पूर्ण गाडी आपली आहे की दुसऱ्याच्या सामानाबरोबर वाटून जाणार, आणि वाटून जाणार असेल तर माल वाटेत गोदामात उतरवणार का, हे विचारावे. प्रत्येक उतरवणीत एखादा कोपरा फुटतोच.

अंदाज यादीसकट लेखी मागावा. महाराष्ट्रात नोंदलेल्या कंपनीचा जीएसटी क्रमांक अंक व अक्षरे मिळून १५ वर्णांचा असतो आणि २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की नाव आणि नोंदणीची स्थिती दिसते. विमा देतो असे म्हटल्यास पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आणि प्रमाणपत्र कोणाच्या नावाने, हे विचारावे. त्यासाठी टीव्ही, फ्रिजसारख्या महाग वस्तूंची किंमत यादीत लिहावी आणि त्यांचे आजच्या स्थितीतले फोटो काढून ठेवावेत. गाडी निघताना बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची पावती, घ्यायची आहे, हेही आताच सांगावे. रस्त्याने मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार नुकसानीसाठी दावा लावण्यापूर्वी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्या वेळी बिल्टी व ही यादीच कामी येते.

भेटीनंतर एखादी वस्तू वाढली किंवा ‘राहणार’मधली ‘जाणार’मध्ये गेली, तर त्याच दिवशी तिचा फोटो आणि मापे व्हॉट्सॲपवर पाठवून सुधारित रक्कम मागावी, आणि ती लेखी आल्यावरच तो कूलर गच्चीवरून खाली आणावा.