नवनियुक्त शिक्षकांसाठी मार्गदर्शक शिक्षक कसे तयार करावेत

वीस वर्षं उत्तम शिकवणारे गुरुजी किंवा बाई नव्या शिक्षकालाही आपोआप घडवतील, असं धरून केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, जोड्या लावल्या जातात. मग जुने शिक्षक वर्गात मागे बसतात, पाच मिनिटांत अस्वस्थ होतात आणि खडू हातात घेऊन स्वतःच शिकवू लागतात. मुलांना धडा छान कळतो, पण नव्या शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. शिकवणाऱ्याला घडवणं हे वेगळं काम आहे आणि त्याची तयारीही वेगळी करून घ्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांसाठी दोन-दोन तासांच्या तीन बैठका पुरतात. त्या शाळा सुरू होण्याआधी किंवा पहिल्या पंधरवड्यात घ्या.

आधी निवड. सेवाज्येष्ठतेची यादी बाजूला ठेवा. जे सहकाऱ्याचं ऐकून घेतात आणि आपला फसलेला तास मोकळेपणाने सांगतात, ते निवडा. नवा शिक्षक आधी मानधनावर शिक्षण सेवक असतो आणि हा काळ तीन वर्षांचा असतो. प्राथमिकला २०२३ पासून मानधन १६,००० रुपये झालं, तरी कायम होईपर्यंतची धास्ती असतेच. म्हणून ज्याच्या हातात अहवाल लिहिणं आहे त्याला मार्गदर्शक करू नका, म्हणजे मुख्याध्यापकही नकोत आणि केंद्रप्रमुखही नकोत. आपली अडचण वर कळेल अशी शंका आली, की नवा शिक्षक फक्त बसवलेला तास दाखवतो. एका मार्गदर्शकाकडे दोनपेक्षा जास्त जण देऊ नका.

पहिली बैठक पाहण्याच्या सरावाची. सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यावी लागते. मोबाइलवर चित्रित केलेला दहा मिनिटांचा तास सगळ्यांना दाखवा. वहीत दोन रकाने आखायला सांगा, ‘वेळ’ आणि ‘काय दिसलं’. नंतर प्रत्येकाने आपल्याच नोंदीतले निवाड्याचे शब्द खोडायचे. ‘वर्गनियंत्रण चांगले’, ‘शैक्षणिक साहित्याचा प्रभावी वापर’, ‘सुधारणेस वाव’ ही शेरेबुकातली भाषा. ती खोडल्यावर बऱ्याच जणांचं पान जवळजवळ कोरं उरतं आणि आपण काय पाहत नव्हतो ते तिथेच कळतं. मग तोच तास पुन्हा दाखवा.

नोंद कशी हवी, ते एका उदाहरणावरून पाहा. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. फळ्यावर ५२ वजा २७. शिक्षकाने दशक सुटा करून उदाहरण सोडवलं आणि विचारलं, “समजलं ना?” सगळा वर्ग “हो” म्हणाला. पुढचं उदाहरण फळ्यावर आलं, ६२ वजा ३७. मार्गदर्शकाने लिहावं: ‘११:२०, खिडकीजवळच्या मुलीच्या पाटीवर उत्तर ३५. शेजारच्या दोघांचंही ३५.’ मुलांनी एककाच्या घरात सातातून दोन वजा केले, म्हणजे मोठ्यातून लहान. “हो” या उत्तराच्या मागे ही चूक लपली होती आणि ती पाटीशी वाकल्याशिवाय दिसली नसती. मार्गदर्शकाने शिक्षकाकडे कमी आणि मुलांच्या पाट्या-वह्यांकडे जास्त पाहायचं, ते याचसाठी.

दुसरी बैठक बोलण्याची. तिघांचे गट करा: एक नवा शिक्षक, एक मार्गदर्शक आणि एक घड्याळ धरणारा. वीस मिनिटांत मार्गदर्शकाचं बोलणं आठ मिनिटांपलीकडे गेलं, की थांबवा. पहिला प्रश्न “तास कसा झाला?” असा नको, त्यावर “बरा झाला” एवढंच उत्तर येतं. पाटीवरचं उदाहरण समोर ठेवून विचारा, “या मुलीने ३५ कसे काढले असतील?” विचारल्यावर मनात पाच अंक मोजा, मध्ये बोलू नका. नव्या शिक्षकाला उत्तर सापडतं, फक्त तेवढी उसंत मिळावी लागते. शेवटी एकच बदल ठरवा. उदाहरणार्थ, ‘उद्या “समजलं ना?” न विचारता सगळ्यांच्या पाट्या वर करायला सांगायच्या.’ पाच सूचना दिल्या तर एकही टिकत नाही.

तिसऱ्या बैठकीत हाताला सवयीच्या झालेल्या गोष्टी शब्दांत आणायच्या. पहिली-दुसरी एकत्र असताना कुणाला आधी काम द्यायचं, परिपाठानंतर पहिल्या तीन मिनिटांत काय करायचं, एक वर्ग स्वाध्यायात असताना दुसऱ्याकडे किती वेळ थांबायचं. डी.एल.एड. ही शिक्षक पदविका करताना बहुवर्गाचा, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळण्याचा, सराव फार थोडा होतो. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी मुलं असतात आणि नवा शिक्षक शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातून आलेला असू शकतो. तिथे ‘पाणी’, ‘भूक’, ‘दुखतंय’, ‘घरी’ असे तीसेक शब्द पहिल्या आठवड्यात त्याच्या खिशात असले पाहिजेत. ही यादी मार्गदर्शकाने गावातल्या अंगणवाडी ताईंना विचारून करावी.

नंतर आठवड्यातून एक तासिका पाहणं आणि त्याच दिवशी वीस मिनिटं बोलणं, हे दिवाळीपर्यंत चालू ठेवा. पुढे पंधरा दिवसांतून एकदा पुरे. महिन्यातून एकदा उलटही करा, म्हणजे नव्याने जुन्याचा तास पाहून तशाच नोंदी करायच्या. द्विशिक्षकी शाळेत आपला वर्ग सोडून जाणं जमत नाही. तिथे खिडकीत मोबाइल ठेवून दहा मिनिटं चित्रित करावं, मधल्या सुट्टीत दोघांनी पाहावं आणि लगेच पुसून टाकावं.

बिघाड बहुतेक तीन ठिकाणी होतो. मुलांसमोर चूक सुधारली, की त्या दिवसापासून वर्ग नव्या शिक्षकाचं ऐकेनासा होतो. टाचणावर, म्हणजे तासाच्या लेखी आखणीवर, नुसती सही करायची सवय लागली, की मार्गदर्शन तिथेच संपतं. त्याऐवजी टाचणातल्या एका प्रश्नावर बोट ठेवून मुलं त्याला काय उत्तर देतील ते विचारा. आणि तिसरं, ‘तुम्हाला संगणक येतो’ म्हणून शाळेची सगळी ऑनलाइन माहिती नव्याच्या गळ्यात पडते. संध्याकाळी माहिती भरत बसणारा शिक्षक दुसऱ्या दिवसाची तयारी करू शकत नाही. हे काम वाटून द्यावं, असं मार्गदर्शकाने मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगायला हवं, कारण नवा माणूस ते बोलू शकत नाही.

नोंदवही नव्या शिक्षकाकडेच राहते. भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना ती दाखवायची नाही.