वाहत्या द्रवात धागे कसे वळतात ते बघायचं तर

वाहत्या द्रावणातून न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि ते कसे विखुरतात ते डिटेक्टरवर बघायचं. धाग्यांसारखे मायसेल (साबणासारख्या रेणूंचे पुंजके) असलेलं द्रावण साध्या पाण्यात नको, जड पाण्यात (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) करा. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनमुळे न्यूट्रॉनचा नुसता गोंगाट उठतो. क्वार्ट्झच्या दोन सिलिंडरांमधल्या १ मिमी फटीत ते अगदी सावकाश भरा. एका बुडबुड्यापायी माझी अख्खी रात्र वाया गेली आहे.

आधी स्थिर द्रावण मोजा. डिटेक्टरवर विखुरलेल्या न्यूट्रॉनचा जो डाग उमटतो, तो सगळीकडून गोल हवा. मग सिलिंडर फिरवून शिअर रेट (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते) वाढवा आणि दर टप्प्याला श्यानता (द्रवाचा घट्टपणा) स्थिरावू द्या, घाई नको. धागे प्रवाहाच्या दिशेने वळले की डाग प्रवाहाला काटकोनात लांबतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच! डागावरची जागा क्यूमध्ये (न्यूट्रॉन किती वळले त्याचं माप) मोजतात; क्यू ०.०१ प्रति अँगस्ट्रॉम म्हणजे द्रावणातलं सुमारे ६३ नॅनोमीटरचं अंतर.

शेवटी सिलिंडर थांबवून पुन्हा मोजा. डाग परत गोल होतो का, ते बघा.