बर्फाळ खेड्यासाठी ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्ह गाडी कशी निवडावी

कॅनडातल्या एखाद्या आडगावात राहायला जायचं असेल, तर गाडीच्या बजेटमधून चार हिवाळी टायरांचे पैसे आधीच बाजूला काढा. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फातून निघते, पण ब्रेक दाबल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. थांबवतो तो टायरच. साधं रबर ७ अंशांखाली कडक पडू लागतं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बघा. नुसत्या ‘एम प्लस एस’वर (म्हणजे ‘चिखल आणि बर्फ’ या जुन्या खुणेवर) विसंबू नका. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानेच लागतात.

मग ड्राइव्हचा प्रकार. पिकअपमधली पार्ट-टाइम फोर-व्हील (गरजेपुरती हाताने चालू करायची) कोरड्या डांबरावर वापरता येत नाही: वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसल्यामुळे सगळा ताण गिअरवर येतो. एका फेरीत कोरडा रस्ता, चिखल आणि बर्फ असं सगळं लागत असेल, तर आपोआप काम करणारी ऑल-व्हील ड्राइव्हच घ्यावी. लो-रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, हवाच असतो तो घरापर्यंतच्या चढावरचा बर्फ कुणी साफ करत नसेल तर. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिमीच्या वर असावा. सुबारूच्या फॉरेस्टर, क्रॉसट्रेकला साधारण २२० मिळतो.

जुनी गाडी असेल तर खरी परीक्षा खालून. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ ब्रेकच्या नळ्या आणि मागची सबफ्रेम (चाकांचे भाग जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) खातं. लिफ्टवर चढवून स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहा. पत्रा भुसभुशीत लागला तर सौदा सोडा. तळाला ताजा काळा थर दिसला तर संशय घ्या, खाली गंज झाकलेला असू शकतो. चारही टायर एकाच मेकचे, सारखे झिजलेले हवेत: सुबारू परिघात जेमतेम ६ मिमी फरक चालवून घेते, म्हणजे नक्षीत सुमारे १ मिमी. मोकळ्या कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळत, हिसके देत फिरली तर टायर विजोड आहेत किंवा जोर वाटणारा क्लच गेलाय. हा दुसरा खर्च मोठा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) असेल तर बंपरपाशी त्याची प्लगची वायर लोंबताना दिसते. नसेल तर बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.