मिक्स कसं वाटलं, असं विचारू नका

घरी केलेला जॅझी इलेक्ट्रॉनिक ट्रॅक कुणाला ऐकवून ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘मस्त!’ एवढंच उत्तर येतं. त्याने मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या आवाजांचा जमवलेला तोल, सुधारत नाही. नेमकं विचारा: ‘दुसऱ्या कडव्यात सिंथ पॅड आला की गिटारचे कॉर्ड्स स्पष्ट ऐकू येतात का?’ वेळही सांगा, १:१० ते १:४०. (सिंथ पॅड म्हणजे सिंथेसायझरचा मागे पसरून राहणारा लांब आवाज.)

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला. सेव्हन्थ-नाइन्थ कॉर्ड्सची, म्हणजे जॅझमधल्या चार-पाच सुरांच्या कॉर्ड्सची, सगळी गोडी आतल्या सुरांत असते, आणि पॅड नेमका २०० ते ५०० हर्ट्झमध्ये त्यांच्यावर बसतो. मग गिटारचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा पॅडचा तो पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवून बघा. गिटार आपोआप पुढे येते, खरंच!

पाठवताना मास्टरवरचा (पूर्ण ट्रॅकवर लावलेला) लिमिटर, म्हणजे आवाजाची वरची मर्यादा बांधणारा इफेक्ट, काढा, २४ बिटची वेव्ह फाइल द्या. सोबत तुलनेसाठी तुम्हाला आवडणारा त्याच धाटणीचा एखादा ट्रॅक, पण दोन्हींचा आवाज सारखा करून. नाहीतर जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.

निदान तिघांना विचारा, त्यातला एक तरी संगीत न करणारा असू द्या. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथे आधी हात घाला.