हॉकी स्टिक हातात घेताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरातलं पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात फुटबॉल येतो. त्यामुळे इथल्या नवख्याची हॉकीतली पहिली चूक ठरलेली: बॉल आला की पाय पुढे. गोलकीपर सोडून कुणी पायाने बॉल अडवून फायदा घेतला की फाऊल, आणि आपल्याच डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात घेतला तर पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्या संघाला गोल करायची मोठी संधी.

आमचा एक सामना १-१ वर होता, शेवटच्या क्वार्टरची दोन मिनिटं उरलेली. आमचा बॅक पेठेतल्या फुटबॉलमधला तयार गडी. डीत हळू आलेला बॉल त्याने तळव्याखाली सफाईनं दाबला आणि पास कुणाला द्यायचा म्हणून मान वर केली. शिट्टी वाजली तरी त्याला कळेना काय झालं. कॉर्नरला गोलकीपर धरून आमचे पाचच जण गोललाइनमागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. गोल बसला. पोरगं नंतर कितीतरी वेळ बूटही न काढता बसून होतं.

तेव्हापासून माझ्याकडे नवीन आलेल्याने रोज भिंतीवर बॉल मारून परत येणारा शंभर वेळा स्टिकनेच अडवायचा. पायाला लागला की मोजणी पुन्हा एकपासून.

दुसरी चूक, स्टिक बॅटसारखी आवळणं. डावा हात टोकाला, स्टिक तोच फिरवतो. उजवा खाली, मूठ इतकी सैल की दांडा आत फिरला पाहिजे. खेळायचं फक्त सपाट बाजूने, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. मी उजवा हात पाठीमागे ठेवायला लावून दहा मिनिटं नुसत्या डाव्याने बॉल चालवून घेतो. कंटाळा येतो, पण मनगट यानेच वळतं. तिसऱ्या दिवशीच ड्रॅग फ्लिक, म्हणजे वाकून बॉल स्टिकने ओढत नेऊन जोरात फेकायचा फटका, मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. वाकायची सवय नसताना मारलेला फ्लिक कंबर धरतो.

ताठ उभं राहू नका. तालमीत जाणाऱ्या पोरांना गुडघ्यात वाकणं लवकर जमतं.

शिन गार्ड आणि माउथ गार्डशिवाय उतरू नका. बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या बॉलइतकाच जड आणि टणक.

स्टिक कमरेच्या हाडापर्यंत यावी. थोरल्या भावाची लांब स्टिक नको.

आणि कोल्हापुरातल्या मेजर ध्यानचंद स्टेडियमच्या टर्फवर फुटबॉलचे मोठ्या स्टडचे बूट घालून येऊ नका, बारीक रबरी ठिपक्यांचे घ्या.